मिर्काचा ओला रंग

५ जानेवारी १९८४ च्या गुरुवारी संध्याकाळी बीबीसी वनवर ‘डॉक्टर हू’चा एकविसावा हंगाम सुरू झाला. १९६३ पासून चालत आलेली ही मालिका काळात आणि अवकाशात कुठेही जाऊ शकणाऱ्या, मरणाच्या दारातून नवे रूप घेऊन परतणाऱ्या एका प्रवाशाची. तेव्हाचा डॉक्टर होता पीटर डेव्हिसन, मालिकेतला पाचवा. सलामीच्या चार भागांच्या कथेचे नाव ‘वॉरिअर्स ऑफ द डीप’. कथेतला काळ २०८४ चा. जग दोन शस्त्रसज्ज गटांत विभागले गेले आहे, आणि समुद्राच्या तळाशी ‘सी बेस फोर’ नावाचा एक लष्करी तळ क्षेपणास्त्रे रोखून बसला आहे. ती सोडायची तर एका माणसाचा मेंदू थेट संगणकाला जोडावा लागतो. त्या तळावर माणसाच्या आधी पृथ्वीवर नांदलेले दोन बुद्धिमान सरीसृप वंश चालून येतात, सिल्युरियन आणि सी डेव्हिल. त्यांना स्वतः युद्ध करायचे नाही. माणसांनीच एकमेकांवर क्षेपणास्त्रे सोडून नष्ट व्हावे, एवढीच त्यांची योजना. प्रक्षेपणाच्या जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर उतरली होती. एखाद्या विज्ञानकथेला याहून नेमकी वेळ क्वचितच साधते.

तरीही ही कथा लोकांच्या लक्षात राहिली ती मिर्का नावाच्या एका हिरव्या जलचरामुळे. त्याच्या पोटात दोन माणसे होती आणि अंगावरचा रंग वाळलेला नव्हता. चाहत्यांमध्ये ‘वॉरिअर्स ऑफ द डीप’चा विषय निघाला की फसलेला राक्षस, झगझगीत उजेड आणि फोमचा दरवाजा यांची उजळणी होते आणि बोलणे तिथेच थांबते. ती उजळणी खरी आहे, पण तिच्यावर थांबणे मला अपुरे वाटते. या कथेच्या अपयशात ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या एका व्यवसायाचा इतिहास दडलेला आहे. अनेक कॅमेऱ्यांनी स्टुडिओत नाट्य चित्रित करण्याच्या त्या व्यवसायाने वीस वर्षांत एक शहाणपण कमावले होते. आपल्याजवळ काय नाही हे ओळखून कथा रचायची, आणि जे दाखवता येणार नाही त्यातूनच भीती, रहस्य आणि विचार काढायचे. सिल्युरियन हे त्या शहाणपणाचेच अपत्य. १९८४ ची कथा फसली कारण त्याच सिल्युरियनांना परत आणताना ते शहाणपण कोणी बरोबर आणले नाही.

हे अपत्य जन्मले कसे, ते पाहण्यासारखे आहे. १९७० च्या सुरुवातीस मालिका कृष्णधवलातून रंगीत होणार होती आणि खर्च वाढणार होता. त्यावर निर्मात्यांनी दोन उपाय काढले. एका हंगामात ४४ भाग होत, ते २५ वर आणले, आणि डॉक्टरला पृथ्वीवरच हद्दपार केले. म्हणजे दर कथेला नवा ग्रह उभारायला नको. मॅल्कम हल्क हा तेव्हाचा अनुभवी लेखक. त्याने संहिता-संपादक टेरन्स डिक्सकडे तक्रार केली की आता दोनच कथानके शिल्लक राहिली: बाहेरून कोणी तरी आक्रमण करणार, नाही तर एखादा माथेफिरू शास्त्रज्ञ उत्पात करणार. त्या अडचणीतून तिसरी वाट निघाली. परके बाहेरून कशाला यायला हवेत? ते इथेच असतील, आपल्या आधीपासून, जमिनीखाली झोपलेले, आणि जागे झाल्यावर त्यांच्या दृष्टीने परके आपणच ठरू. ‘डॉक्टर हू अँड द सिल्युरियन्स’ ही सात भागांची कथा १९७० च्या जानेवारी ते मार्चमध्ये दाखवली गेली. तिच्या शेवटी डॉक्टर समेटाच्या खटपटीत असताना लष्कर त्या गुहा स्फोटाने उडवून देते. हल्क एके काळी कम्युनिस्ट पक्षात होता. जमीन कोणाची, आधी कोण आले, आणि आधी आलेल्याला परत यायचा हक्क आहे की नाही, हे प्रश्न त्याने करमणुकीच्या मालिकेत इतक्या गांभीर्याने आणले की त्या कथेची धार आजही बोथट झालेली नाही. पण मला इथे अधोरेखित करायचे आहे ते वेगळे. ही कल्पना पैशांच्या चणचणीतून आली. चणचण नसती तर डॉक्टर दुसऱ्या ग्रहावर गेला असता आणि सिल्युरियन सुचलेच नसते.

चित्रीकरणातही हीच रीत दिसते. सिल्युरियनांचे पोशाख रबराचे होते, आणि ते रबराचे आहेत हे दिग्दर्शक टिमथी कोम्ब जाणून होता. म्हणून पहिल्या दोन भागांत ते प्राणी जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली दृश्ये, एखादा पंजा, एखादी सावली, एवढेच. आख्खा सिल्युरियन नीट समोर येतो तो तिसऱ्या भागाच्या अखेरीस. पुढे ते माणसांत रोगाची साथ सोडतात, आणि सगळ्या कथेतले सर्वांत भयंकर दृश्य लंडनच्या मेरिलबोन स्थानकावर घडते. तिथे एकही राक्षस नाही. रोजच्या गर्दीतली साधी माणसे कोसळू लागतात. १९७२ च्या ‘द सी डेव्हिल्स’मध्येही हल्क, डिक्स आणि निर्माता बॅरी लेट्स यांनी असेच केले. रॉयल नेव्हीने जहाजे दिली, खरे नौसैनिक दिले, आणि दिग्दर्शक मायकल ब्रायंटने पोर्ट्समथच्या परिसरात उघड्यावर चित्रीकरण केले. सी डेव्हिलची मुंडकी नटांच्या डोक्यावर टोपीसारखी बसवलेली आणि अंगावर जाळीचा झगा. पण तो समुद्रातून वर येताना दिसतो तेव्हा खरे पाणी आणि खरा किनारा त्याला आधार देतात. उसन्या जहाजांनी आणि फुकटच्या समुद्राने त्या कथेला भव्यता दिली.

आता स्टुडिओचा व्यवहार थोडा तपशिलात सांगायला हवा, कारण त्याशिवाय १९८४ चे काय झाले ते कळत नाही. लंडनच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये नाट्य चित्रित होई ते सिनेमासारखे एकेक शॉट लावून नव्हे. आधी बाहेरच्या तालीमघरात जमिनीवर चिकटपट्ट्या लावून नेपथ्याचा आराखडा आखायचा, नटांनी त्यात हालचाली बसवायच्या. मग ठरलेल्या मोजक्या दिवसांसाठी स्टुडिओ मिळायचा. चार-पाच कॅमेरे एकाच वेळी फिरत, वर नियंत्रण कक्षात बसलेला दिग्दर्शक त्यांतले हवे ते दृश्य निवडून प्रसंगच्या प्रसंग सलग घेई. रात्री दहाला काम थांबे. पुढे एक मिनिट हवे असले तरी कामगारांची संमती आणि जादा पैसे लागत. स्टुडिओ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कार्यक्रमाचा असे, त्यामुळे राहिलेला शॉट उद्या घेऊ, ही सोय नव्हती. या पद्धतीचे बळ होते संवाद, चेहरे आणि अभिनयाची सलगता. तिची दुबळी बाजू होती मारामारी, यांत्रिक करामती, आणि जे पुन्हापुन्हा घेऊन पाहिल्याशिवाय जमत नाही ते सगळे. म्हणून तिथल्या जाणत्या संहिता-संपादकाचे खरे काम भाषा सुधारण्याचे नसून अंथरूण पाहून पाय पसरायला लावण्याचे असे. हे दृश्य आपल्या स्टुडिओत, आपल्या दिवसांत होईल का, आणि होणार नसेल तर त्याच्या जागी काय, हे तो लेखकाला विचारी.

‘वॉरिअर्स ऑफ द डीप’चा लेखक जॉनी बर्न. तो ‘स्पेस: १९९९’ या फिल्मवर चित्रित झालेल्या खर्चिक मालिकेचा संहिता-संपादक होता. ‘डॉक्टर हू’साठी त्याने १९८१ मध्ये ‘द कीपर ऑफ ट्रॅकन’ ही स्टुडिओला शोभणारी कथा लिहिली होती, त्यामुळे त्याला स्टुडिओ कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. या कथेसाठी त्याच्या मनात होता एक जुनाट, मळकट, अंधारा तळ. अरुंद बोळ, गळके नळ, दमलेली माणसे, आणि बाहेर समुद्राचा दाब. प्रत्यक्षात उभे राहिले पांढरेशुभ्र, उंच, प्रकाशाने न्हालेले नेपथ्य. टोनी बरो याने ते मेहनतीने केले आहे, दोन मजली नियंत्रणकक्ष तर देखणा आहे. पण कथेचा जीव अंधारात होता. मिर्का खोल समुद्रातला, कायम काळोखात राहणारा प्राणी. डॉक्टर त्याला शेवटी मारतो तो अतिनील किरणांनी, म्हणजे प्रकाशानेच. तळ अंधारा असता तर त्या प्रकाशाला नाट्य आले असते. इथे मिर्का पहिल्या पावलापासून लख्ख उजेडात चालतो आणि त्याच्या मरणाला काही अर्थ उरत नाही. संहितेने जे शस्त्र डॉक्टरच्या हाती दिले होते ते प्रकाशयोजनेने आधीच खर्चून टाकले.

मिर्काच्या आत शिरलेली जोडी होती विल्यम पेरी आणि जॉन अ‍ॅस्क्विथ यांची. ‘रेंटाघोस्ट’ या बीबीसीच्या मुलांच्या मालिकेत एका विनोदी घोड्याचे पुढचे आणि मागचे पाय तेच होत. दोघे अनुभवी, पण पोशाख हाती आला तो अगदी ऐन वेळी. त्यात शिरून सराव करायला वेळ मिळाला नाही, रंग ओला होता आणि तो इतरांना लागत होता. सी डेव्हिलना सामुराईसारखे चिलखत चढवले होते. त्या अवजड पोशाखात नटांना धड दिसत नव्हते, आणि चालताना मुंडकी एका बाजूला कलंडत. मिर्का पोलादी दरवाजा फोडतो आणि तो डॉक्टरची सहकारी टीगन हिच्यावर कोसळतो, तेव्हा तो दरवाजा फोमचा आहे हे लपत नाही. इन्ग्रिड पिट ही हॅमर कंपनीच्या भयपटांतली नामांकित अभिनेत्री. तिची डॉक्टर सोलो कराटेचा पवित्रा घेऊन मिर्कावर लाथ उगारते, आणि कथेतली उरलीसुरली भीती तिथे संपते. हे सगळे सांगताना कारागिरांना हसावे असे मला अजिबात वाटत नाही. ज्यांनी तो पोशाख शिवला, दरवाजा कापला, रात्री उभे राहून रंग दिला, त्यांना जे मागितले गेले ते मिळालेल्या वेळात होण्यासारखे नव्हते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मे १९८३ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी ९ जूनची सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली. बीबीसीला निवडणुकीच्या प्रक्षेपणासाठी स्टुडिओ आणि माणसे लागणार होती. वेळापत्रक विस्कटले, या कथेचे चित्रीकरण अलीकडे ओढले गेले आणि तयारीचे सुमारे दोन आठवडे गेले. दोन आठवडे म्हणजे वेशभूषा, विशेष दृश्ये आणि दिग्दर्शकाचा गृहपाठ यांचा मोठाच घास. मग दोष निवडणुकीचा, असे म्हणणारे चुकत नाहीत. मात्र ते अर्धेच सांगतात. निवडणुकीने वेळ नेला. मिर्काला तेवढाच वेळ पडद्यावर ठेवायचा निर्णय निवडणुकीने घेतला नाही. वेळ कमी झाल्यावर संहितेतून पहिल्यांदा जायला हवा होता तो मिर्काच, कारण कथेला त्याची गरज नव्हती. सिल्युरियन आहेत, सी डेव्हिल आहेत, तळावर शत्रूचे दोन हेर आहेत. यांतल्या कोणाच्याही हातून तो दरवाजा फुटू शकला असता. एवढा फेरफारही वेळ मागतो हे मला मान्य आहे, आणि संहिता-संपादक एरिक सॉवर्ड एकाच वेळी साऱ्या हंगामाचे ओझे वाहत होता हेही. पण हल्क-डिक्स यांच्या काळात पोशाखाचा लंगडेपणा आधीच गृहीत धरला जाई, संकट यायची वाट पाहिली जात नसे. १९७० मध्ये सिल्युरियन लपवला तेव्हा कुठलीही निवडणूक आडवी आलेली नव्हती. १९८४ मध्ये पहिल्याच भागात सिल्युरियन आपल्या यानात पूर्ण उजेडात उभे राहून योजना समजावून सांगतात. त्या दृश्याची रचना वेळेच्या टंचाईने ठरलेली नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. ‘स्टार वॉर्स’ने प्रेक्षकांची नजर बदलून टाकली होती, सत्तरच्या दशकातल्या महागाईने बीबीसीच्या पौंडाची ताकद घटवली होती, मग बिचाऱ्या मालिकेने काय करावे? याला उत्तर मालिकेतच आहे. १९७५ ची ‘द आर्क इन स्पेस’ हीदेखील पांढऱ्या, लख्ख उजळलेल्या अवकाशस्थानकात घडते. तिच्यातला माणसाचा कीटक होणारा हात हिरवा रंग दिलेल्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचा आहे, आणि ते ओळखूही येते. तरी ती टिकते, कारण तिथे पांढरा उजेड कथेचाच भाग आहे: हजारो वर्षे निजलेल्या माणसांचे निर्जंतुक, निर्मनुष्य कोठार. म्हणजे उजेड हा मुळातच शत्रू नाही आणि प्लॅस्टिकही नाही. याहून बोलका पुरावा त्याच एकविसाव्या हंगामातला. मार्च १९८४ मध्ये दाखवलेली रॉबर्ट होम्सची ‘द केव्हज ऑफ अँड्रोझानी’ त्याच निर्मात्याची, जॉन नेथन-टर्नरची. संहिता-संपादक तोच, डॉक्टर तोच. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने वाचकांकडून तेव्हापर्यंतच्या २०० कथांची क्रमवारी लावून घेतली, तेव्हा ती पहिली आली. आणि तिच्यातही एक राक्षस आहे! गुहेत राहणारा, ओबडधोबड, मिर्काइतकाच पटणार नाही असा. पण होम्सने त्याच्यावर काहीच टेकवलेले नाही. तो थोडा वेळ येतो आणि जातो. कथा चालते ती लोभी, सूडाने पेटलेल्या माणसांच्या संवादांवर, आणि ग्रॅमी हार्परने तिला दिलेल्या वेगावर. त्याच वर्षात, त्याच संस्थेत हे घडले, तेव्हा पैशांचा आक्षेप फार दूर जात नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. तो असा: अपेक्षाभंग हा कथेचा गुण नाही, प्रेक्षकांच्या आठवणीचा खेळ आहे. १९८४ मध्ये जुन्या कथा पुन्हा पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती. बीबीसीने सत्तरच्या दशकात कित्येक चित्रफिती पुसून टाकल्या होत्या. ‘सिल्युरियन्स’ची मूळ रंगीत चित्रफीतही राहिली नव्हती. ‘डॉक्टर हू’ची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली ती १९८३ मध्ये. लोकांच्या मनातले सिल्युरियन मुख्यतः पुस्तकातले होते: हल्कने स्वतःच १९७४ मध्ये आपल्या दोन्ही कथांच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत त्या प्राण्यांच्या मनात शिरून लिहिले, आणि एका पिढीच्या मुलांनी त्या वाचल्या. कागदावरच्या सिल्युरियनाला रबर लागत नाही. त्याच्याशी कुठला पडद्यावरचा पोशाख बरोबरी करणार? या म्हणण्यात तथ्य आहे. पण जुन्या शत्रूंना परत आणण्याचे धोरण निर्मात्यांनीच स्वीकारले होते. १९८३ च्या विसाव्या हंगामात तर कथा जुन्या पात्रांभोवतीच गुंफल्या होत्या. आठवणीच्या जोरावर प्रेक्षक बोलावले, तर आठवणीचा हिशेब द्यावाच लागतो. शिवाय आठवणीतले जे खरे धन होते ते १९८४ च्या कथेत उणे झाले. हल्कच्या सिल्युरियनांत आपसांत मतभेद होते. एक वृद्ध नेता माणसांशी समेट करू पाहतो, आणि तरुण त्याला मारतो. १९८४ चे सिल्युरियन एका आवाजात बोलतात, आणि तोही यंत्रातून काढलेला, भावना धुऊन निघालेला आवाज. शेवटी डॉक्टर नाइलाजाने विषारी वायू सोडतो, सगळे सरीसृप मरतात, तळावरचीही बहुतेक माणसे मेलेली असतात, आणि तो हळहळतो. हल्कला अभिमान वाटावा असा हा शेवट. पण ज्यांच्यासाठी हळहळायचे, त्यांना आपण व्यक्ती म्हणून ओळखलेलेच नसते. ही उणीव ओल्या रंगाहून मोठी आहे, आणि ती भरून काढायला एक पेनीही लागली नसती.

प्रेक्षकसंख्येचे काय, असेही कोणी विचारील. पहिल्या भागाला ७६ लाख प्रेक्षक होते, चौथ्याला ६६ लाख. दोन आठवड्यांत दहा लाखांची घट झाली, पण तिच्यावरून निवाडा देणे मला धाडसाचे वाटते. जानेवारीतल्या संध्याकाळी लोक टीव्ही कशामुळे बंद करतात हे त्या आकड्यातून कळत नाही. खरा परिणाम वेगळ्या मार्गाने झाला. मायकल ग्रेड १९८४ मध्ये बीबीसी वनचा नियंत्रक झाला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये मालिका १८ महिन्यांसाठी थांबवल्याची बातमी फुटली. ती परत आली, पण १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ पर्यंत नियमित सुरू झाली नाही. पुढे २००२ मध्ये ‘रूम १०१’ या कार्यक्रमात ग्रेडने आपल्या नावडत्या गोष्टींत ‘डॉक्टर हू’ घातली, तेव्हा पुरावा म्हणून मिर्काच्या दृश्याचा तुकडा दाखवला गेला. या पुराव्याला माझी हरकत आहे. साऱ्या स्टुडिओ-परंपरेची लायकी ठरवायला तो तुकडा वापरला गेला. पण त्यात दिसतो तो परंपरेचा दुबळेपणा नाही, त्या परंपरेने आखून घेतलेली मर्यादा मोडल्याचा परिणाम आहे. मर्यादा पाळणारी ‘अँड्रोझानी’ त्याच वर्षाची होती, तीही ग्रेडसाठी उपलब्ध होती.

२००८ च्या जानेवारीत बीबीसीने ‘सिल्युरियन्स’, ‘सी डेव्हिल्स’ आणि ‘वॉरिअर्स ऑफ द डीप’ या तिन्ही कथा डीव्हीडीच्या एकाच संचात काढल्या. १९८४ च्या प्रेक्षकाला न मिळालेली तुलना आता कोणालाही करता येते. ती करताना तिसऱ्या कथेतली मॅडॉक्सची दृश्ये आवर्जून पाहावीत. मॅडॉक्स हा शिकाऊ तरुण. नेहमीचा माणूस मेल्याने संगणकाला मेंदू जोडण्याचे काम त्याच्यावर येऊन पडले आहे, आणि तो घाबरलेला आहे. एक खुर्ची, एक यंत्र, एका मुलाचा घाम फुटलेला चेहरा, आणि त्याला धीर देण्याच्या मिषाने आपल्या कह्यात घेणारे दोन हेर. सगळ्या जगाचा नाश या एका भेदरलेल्या माणसाच्या हातात आहे, हे त्या खोलीत खरोखर जाणवते. ग्रीनहॅम कॉमनवर क्षेपणास्त्रे उतरत असल्याच्या काळात ब्रिटिश घरांत जी धास्ती होती ती या दृश्यांत आली आहे. ती घेतली या कथेचा दिग्दर्शक पेनंट रॉबर्ट्स यानेच, त्याच उन्हाळ्यात, त्याच दिव्यांखाली, आणि तयारीचे तेच दोन आठवडे हातचे गेलेले असताना.